नांगराच्या कारखान्यातून मुख्य प्रधानकीकडे

लोखंडी नांगराचा जुना फाळ कधी हाती लागला तर तो उलटा करून बघावा. वरची बाजू मातीने घासून गुळगुळीत झालेली असते, पार झिजलेली. खालची बाजू मात्र अजून कणखर असते. असे कसे होते? फाळ ओतताना साच्याचा वरचा भाग वाळूचा ठेवतात आणि खालचा लोखंडाचा. रसरसलेले बीड वाळूला टेकते तिथे सावकाश निवते आणि मऊ राहते. थंड लोखंडाला टेकते तिथे ते झटक्यात थिजते आणि काचेसारखे कडक होते. मग शेतात नांगर चालू लागला की वरचा मऊ थर आधी झिजतो, खालचा कडक थर टिकून राहतो आणि फाळाची धार जाता जाता आपोआप निघत राहते. लोहाराकडे पाणी द्यायला न्यायला नको. ही युक्ती इंग्लंडमधल्या रॉबर्ट रॅन्समची, पेटंट १८०३ चे. पुढे शंभर वर्षांनी मुंबई इलाख्यातल्या शेतकऱ्याला जे विलायती नांगर दिसू लागले, त्यांत इप्सविचच्या याच रॅन्सम पेढीचे नांगर होते.

हा फाळ आधी समजून घ्यायचा, कारण एका विस्मृतीत गेलेल्या माणसाची सगळी कारकीर्द त्याच्याभोवती फिरली. त्यांचे नाव धनजीशा बोमनजी कूपर. साताऱ्याचे पारशी, नांगरांचे आणि इंजिनांचे कारखानदार, ब्राह्मणेतर पक्षाचे पुढारी, आणि १ एप्रिल १९३७ रोजी मुंबई प्रांताचे पहिले मुख्य प्रधान. आजच्या भाषेत पहिले मुख्यमंत्री. हा मान बाळासाहेब खेरांचा, असे आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात पक्के बसलेले आहे. खेर आले ते कूपरांच्या नंतर, त्याच वर्षीच्या जुलैत.

कूपर यांचा जन्म १८७८ चा. आडनाव इंग्रजी वाटते आणि आहेही इंग्रजीच. लाकडाच्या पट्ट्या कड्यांनी आवळून पिंपे बांधणारा कारागीर म्हणजे कूपर. जहाजांवर पाणी, तेल, दारू सगळे अशा पिंपांतून जाई. पारशी समाजाने धंद्यांची नावे आडनावे म्हणून लावून घेतली, त्यांत कॉन्ट्रॅक्टर, इंजिनियर यांच्या जोडीला कूपरही आले. पारशी म्हटले की आपल्याला मुंबई आठवते, गिरण्या आणि गोद्या आठवतात. पण घाटावरच्या लहान शहरांतही पारशी होते: सातारा, पाचगणी, महाबळेश्वर, वाई. कुणाचे दुकान, कुणाचे हॉटेल, कुणाचा ठेका. ते मराठी बोलत, गावच्या उठबशीत असत आणि गावच्या भांडणांपासून थोडे अलगही असत. हे थोडे अलग असणे कूपरांना पुढे फार उपयोगी पडले असे मला वाटते.

आता नांगराकडे येऊ. कृष्णाकाठची काळी जमीन लाकडी नांगराला दाद देत नसे. लाकडी नांगर जमीन चिरतो, पलटत नाही. हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खोल राहून जातात आणि पाऊस पडला की पुन्हा उगवून येतात. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक वाकडा पत्रा असतो. कापलेली माती त्यावर चढते आणि कूस बदलल्यासारखी उलटी पडते, मुळ्या उन्हात येतात आणि वाळून मरतात. वैशाखाच्या उन्हात अशी एकदा नांगरट झाली की पुढची काही वर्षे ते शेत हरळीपासून मोकळे राहते. मात्र नांगर जड असतो, त्याला सहा-आठ बैल लागतात. एवढे बैल एका घरी नसत, म्हणून चार शेतकरी पैरा करत, एकमेकांचे बैल जोडून आळीपाळीने शेते नांगरत. एक नांगर गावात आला म्हणजे तो चार-पाच घरांचा व्यवहार होई. कोण कुणाशी पैरा करतो, नांगर कुणाच्या वाड्यात ठेवायचा, फाळाचे पैसे कोण भरणार, या सगळ्यावर बैठका होत.

हा नांगर देशात बनवून विकण्याचे श्रेय लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. बेळगावात त्यांनी सुरुवात केली तेव्हा लोखंडाच्या नांगराने जमिनीला विष चढते, ही शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर कितीतरी दिवस पडून राहिले. १९१० साली औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ माळरान दिले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात विलायतेहून लोखंड येईना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या, ही आठवण सर्वांना ठाऊक आहे. एकोणीसशे वीसपर्यंत नांगराची भीती गेली होती आणि मागणी वाढली होती. एकट्या किर्लोस्करवाडीने ती सगळी पुरवावी अशी स्थिती राहिली नव्हती. सातारा, सोलापूर, नगर, विजापूर, सगळीकडे काळी जमीन होती आणि हरळीही.

त्या मोकळ्या जागेत कूपर उतरले. १९२२ साली त्यांनी कारखाना काढला. जागा निवडली ती पाडळी. सातारा शहरापर्यंत रेल्वे येत नव्हती. पुण्याहून मिरजेकडे जाणारी मीटर गेज गाडी कोरेगाव तालुक्यातल्या पाडळीजवळ थांबे, साताऱ्याचे उतारू तिथे उतरून पंधरा-सोळा किलोमीटर टांग्याने किंवा मोटारीने शहर गाठत. त्या स्टेशनला म्हणूनच सातारारोड हे नाव. ओतशाळा काढणाऱ्याला रेल्वे दाराशी हवी असते. बीड यायचे तर वाघिणीतून, भट्टीचा दगडी कोक बंगाल-बिहारकडच्या कोळशाच्या पट्ट्यातून, आणि तयार झालेले मणामणाचे नांगर जायचे तेही वाघिणीतूनच. साताऱ्याच्या पेठेत कारखाना काढला असता तर बैलगाड्यांच्या भाड्यातच नफा गेला असता. पाडळीच्या माळावर जमीन स्वस्त होती आणि आसपासच्या कोरडवाहू गावांत रिकामे हात होते. कोरेगाव, खटाव, माण हा पावसाने टाकलेला मुलूख. तिथला माणूस तोवर पोट भरायला मुंबईच्या गिरणीत जाई. आता काहींना साचा भरण्याचे, वाळू चाळण्याचे, भट्टीवर उभे राहण्याचे काम घराजवळ मिळू लागले. नांगरापाठोपाठ उसाचे लोखंडी चरक आले.

कारखान्याच्या सुरुवातीच्या गोष्टीत दुसरा एक माणूस आहे आणि आज कूपरांचे नाव महाराष्ट्रात जिथे जिथे घेतले जाते तिथे या माणसामुळेच घेतले जाते. तो म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील, पुढचे कर्मवीर. कुंभोजचा हा उंचापुरा जैन तरुण आधी ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल विकत फिरत होता, मग किर्लोस्करांचे नांगर. विक्रेता म्हणून तो असामान्य होता. आठवडे बाजारात नांगर उभा करायचा, शेतकऱ्याच्या बैलांनीच त्याच्याच शेतात चालवून दाखवायचा, रात्री त्याच्याच ओसरीवर मुक्काम. जिल्ह्यातले गावन् गाव त्याने असे पायाखाली घातले आणि नांगर विकता विकता त्याला दिसले की कुणब्याच्या, महाराच्या, रामोशाच्या पोराला शाळाच नाही. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्याने रयत शिक्षण संस्था काढली. संस्था चालवायला पैसा हवा होता आणि भाऊरावांच्या हातात एकच कला होती, नांगर विकण्याची.

किर्लोस्कर सोडून भाऊराव कूपरांकडे आले आणि सातारारोडचा कारखाना उभा करण्यात त्यांचे मोठे कष्ट गेले. भाऊरावांच्या चरित्रांतून येणारी हकिकत अशी: कारखान्याच्या नफ्यातला काही हिस्सा बहुजनांच्या शिक्षणासाठी द्यायचा, असे कूपरांनी कबूल केले होते. कारखाना चालू लागला, नांगर खपू लागले आणि तो शब्द पाळला गेला नाही. भाऊरावांचा राग प्रसिद्ध होता. ते पिस्तूल घेऊन कूपरांना गोळी घालायला निघाले आणि त्यांना अडवण्यात आले, असे चरित्रकार सांगतात. त्यानंतर भाऊरावांनी कुणाच्या नफ्यावर अवलंबून राहायचे नाही असे ठरवले. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह निघाले, १९२७ साली गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिले, आणि मुठीमुठीने धान्य गोळा करून, मुलांनी स्वतः राबून ते चालले. कमवा आणि शिका हे तत्त्व त्याच वाटेवरचे.

या हकिकतीत कूपर खलनायक आहेत, आणि दिलेला शब्द मोडला असेल तर त्याची बाजू घेण्याचे कारण नाही. मला फक्त एवढेच वाटते की त्यांना तेवढ्यावरच सोडून देऊ नये. ज्या माणसाने एका कोरड्या माळावर ओतशाळा उभी केली आणि पुढे पंधरा वर्षांत जिल्ह्यातून प्रांताच्या मुख्य प्रधानपदापर्यंत मजल मारली, तो कसा चालला असेल हे समजून घेतले तर एकोणीसशे वीस ते सदतीस या काळातला ग्रामीण महाराष्ट्र कळतो. आपण तो काळ पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांतून वाचतो. साताऱ्यात तो वेगळा होता.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. पोलीस, जमीन महसूल, तिजोरी ही खाती गव्हर्नरने आपल्या हातात ठेवली. शिक्षण, शेती, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे गेली. मुंबईच्या कायदे कौन्सिलात मराठा आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या गेल्या. काँग्रेसने पहिल्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता, आणि त्या पोकळीत ब्राह्मणेतर पक्ष कौन्सिलात शिरला. सातारा जिल्ह्यात तर त्याआधीच सत्यशोधक जलशांनी गावे ढवळून निघाली होती. ढोलकी-तुणतुण्यावर भटशाही आणि सावकारी यांच्या विरुद्ध सवाल-जवाब चालत. १९२० च्या आगेमागे जिल्ह्यात कुळे आणि ब्राह्मण जमीनदार यांचे खटके उडाले. कुळांनी शेते पडीक टाकली, खंड थकवला.

या चळवळीचा पुढारी एक पारशी कसा? ब्राह्मणेतर या शब्दाची घडणच तशी होती. त्यात मराठा होता, लिंगायत होता, जैन होता, मग पारशालाही जागा होती. शिवाय मराठा घराण्यांत आपसांत चढाओढ असे. देशमुख, पाटील, सरदार यांपैकी एकाला मोठे केले की दुसरा रुसे. त्या भाऊबंदकीत नसलेला, पैसेवाला, इंग्रजी अधिकाऱ्यांशी बोलू शकणारा, माणसे नोकरीला लावू शकणारा माणूस सगळ्यांनाच चाले. कूपरांनी ही जागा नेमकी ओळखली.

तेव्हाच्या सत्तेचा खरा अड्डा कौन्सिल नव्हता, जिल्हा लोकल बोर्ड होते. आजच्या जिल्हा परिषदेचे ते मूळ. रस्ते, धर्मशाळा, दवाखाने, देवी टोचणे आणि शाळा त्याच्याकडे. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार सरकारी खात्याकडून लोकल बोर्डांच्या हाती आला. याचा गावपातळीवरचा अर्थ काय झाला? मास्तर कोण नेमायचा, त्याची बदली कुठे करायची, हे आता बोर्डातले निवडून आलेले सभासद ठरवू लागले. गावात त्या काळी मास्तर हा एकमेव पगारदार लिहितावाचता माणूस. अर्ज तोच लिही, खतपत्र तोच वाचून दाखवी, टपाल बहुधा त्याच्याच हाती. मास्तर ज्या पक्षाचा, त्या पक्षाचे म्हणणे रोज चावडीवर पोचे. ज्याच्या हातात मास्तरांच्या बदल्या, त्याच्या हातात जिल्हा. सातारा जिल्ह्याच्या बोर्डाच्या राजकारणात कूपरांचा शब्द चालू लागला, तो या जोरावर.

यात कारखान्याचा वाटा कुठे येतो ते पाहण्यासारखे आहे. नांगराचा विक्रेता ज्या वाटेने गावात जातो, मत मागणाराही त्याच वाटेने जातो. उधारीवर नांगर कुणाला द्यायचा, फाळ संपला की पुढचा कुठून घ्यायचा, गावात कारखान्याचा माणूस कोण, कुणाचा पोरगा सातारारोडला कामाला लागला, हे सगळे धागे एकाच ठिकाणी गाठ मारून ठेवलेले. तेव्हाचा मतदार सारा भरणारा शेतकरी होता. मताचा अधिकार ठराविक सारा किंवा कर भरणाऱ्यालाच होता. आणि लोखंडी नांगर घेणाराही तोच, चार बैल राखून असलेला सारा भरणारा शेतकरी. कूपरांचे गिऱ्हाईक आणि कूपरांचा मतदार जवळजवळ एकच होते. त्या काळच्या दुसऱ्या कुणा पुढाऱ्याला ही सोय नव्हती. पुण्याच्या केशवराव जेध्यांकडे वक्तृत्व होते, भास्करराव जाधवांकडे विद्वत्ता होती आणि मंत्रिपदही मिळाले. गावोगाव रोजचा व्यवहार असलेला कूपरांसारखा मात्र कुणी नव्हता.

सरकारने त्यांना खान बहादूर केले, पुढे सर केले. ते मुंबई सरकारच्या अधिकारवर्तुळात जाऊन बसले. इकडे त्यांच्या पायाखालची जमीन मात्र सरकू लागली होती. १९२९ नंतर जगभरच्या मंदीत शेतमालाचे भाव निम्म्यावर आले. गूळ, कापूस, ज्वारी, काहीच परवडेना. सारा तोच राहिला, सावकाराचे व्याज तेच राहिले. अशा शेतकऱ्याला सरकारशी गोडीने राहणारा पुढारी नको होता, सरकारशी भांडणारा हवा होता. १९३० च्या सविनय कायदेभंगात जेधे काँग्रेसमध्ये गेले आणि त्यांच्यामागे ब्राह्मणेतर तरुणांची रांग लागली. सत्यशोधक जलशात वाढलेली पोरे खादी घालू लागली. नाना पाटलांसारखे कार्यकर्ते याच मुशीतून आले. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. शेटजी-भटजींचा पक्ष ही काँग्रेसची ओळख महाराष्ट्रात तिथे पुसायला लागली.

मंदीत कूपरांनी कारखान्याकडे मात्र दूरवर बघून काम केले. नांगर खपेना तेव्हा त्यांनी डिझेल इंजिन हाती घेतले. देशात बनलेल्या अगदी सुरुवातीच्या डिझेल इंजिनांत सातारारोडच्या इंजिनांची गणना होते. ओतकाम येत असलेल्या कारखान्याने नांगरावरून इंजिनावर जाणे ही मोठी उडी होती. फाळात एक-दोन सूत इकडेतिकडे झाले तर शेतकरी दगडाने ठोकून बसवतो. इंजिनाच्या सिलिंडरात केसाएवढी फट राहिली तर दाब निघून जातो आणि इंजिन पेटतच नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापावी आणि त्यात तेलाची फवार पडताच भडका उडावा. दाब धरला नाही तर सगळे फुकट. ज्यांनी जुनी संथ गतीची इंजिने पाहिली आहेत त्यांना तो सोहळा आठवेल: एक जण दाबाची कळ वर करून धरतो म्हणजे सिलिंडरातली हवा मोकळी सुटते, दुसरा हँडल मारून ते अवजड चाक फिरवत नेतो, चाकाने पुरता वेग घेतला की कळ खाली, एक दणका, आणि मग नळीतून ठुक्-ठुक् धूर. या इंजिनांनी विहिरीवरची मोट थांबवली, गावात पिठाची गिरणी आणली, गुऱ्हाळावरचा चरक फिरवला. बैलांना पहिल्यांदा जरा विसावा मिळाला तो याने.

आता १९३७. १९३५ च्या कायद्याने द्विदल पद्धत गेली, प्रांतांत सगळीच खाती मंत्र्यांकडे आली, आणि मतदार वाढून देशभरात तीन कोटींच्या वर गेले. फेब्रुवारीत निवडणुका झाल्या. मुंबईच्या विधानसभेत १७५ जागा होत्या, काँग्रेसने त्यांतल्या जवळजवळ निम्म्या जिंकल्या, तिच्याजवळपास दुसरा कुणी नव्हता. डॉ. आंबेडकरांच्या नव्या स्वतंत्र मजूर पक्षाने चांगले यश मिळवले. सातारा जिल्ह्यात काँग्रेसतर्फे आत्माराम बापू पाटील निवडून आले आणि त्यांच्या प्रचारात एक कॉलेजात शिकणारा कराडचा तरुण धडपडत होता, यशवंतराव चव्हाण. 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात त्यांनी त्या निवडणुकीची हकिकत लिहिली आहे. शेतकऱ्याच्या घरातला माणूस उभा करा, हा हट्ट धरून त्यांनी ती उमेदवारी मिळवून दिली होती. ब्राह्मणेतर पक्षाने जो विचार साताऱ्यात पेरला, त्याचे पीक काँग्रेसच्या खळ्यावर गेले ते असे.

जिंकूनही काँग्रेस सरकार बनवेना. कायद्यात गव्हर्नरला खास अधिकार होते, मंत्र्यांचा निर्णय तो बाजूला सारू शकत होता. हे अधिकार वापरणार नाही असे आश्वासन आधी द्या, मग आम्ही मंत्रिपदे घेऊ, असे काँग्रेसने सांगितले. गव्हर्नरांनी आश्वासन दिले नाही. कायदा तर १ एप्रिलला अमलात यायचा होता. मग ज्या ज्या प्रांतांत काँग्रेस पुढे होती तिथे गव्हर्नरांनी इतरांना बोलावून तात्पुरती मंत्रिमंडळे बसवली. संयुक्त प्रांतात छत्तारीचे नवाब, बिहारात महंमद युनूस, मद्रासला कूर्म वेंकट रेड्डी नायडू, मध्य प्रांत-वऱ्हाडात राघवेंद्र राव, ओरिसात पार्लाकिमेडीचे राजे. मुंबईत लॉर्ड ब्रेबर्न यांनी धनजीशा कूपरांना बोलावले. त्यांच्या मंत्रिमंडळात धारवाडकडचे सिद्दप्पा कांबळी होते, हुसेनअली रहिमतुल्ला होते आणि जमनादास मेहता होते. मेहतांचे नाव त्यात पाहून अनेकांना धक्का बसला, कारण ते टिळकांच्या परंपरेतले, कामगारांचे पुढारी. १ एप्रिलला काँग्रेसने देशभर हरताळ पुकारला होता. दुकाने बंद, काळी निशाणे, आणि त्याच दिवशी कूपरांचा शपथविधी.

एक योगायोग इथे सांगायला हवा. त्याच महिन्यांत मुंबई काँग्रेसमध्येही एका पारशाच्या नावावर वादळ उठले होते. खुर्शेद नरिमन हे मुंबईतले काँग्रेसचे सर्वांत लोकप्रिय पुढारी, विधानसभेतले नेतेपद त्यांचेच असे सगळे धरून चालले होते. ते खेरांना मिळाले आणि नरिमनांनी वल्लभभाईंवर उघड आरोप केले. सरकारी बाजूचा पारशी मुख्य प्रधान झाला, लोकांच्या बाजूचा पारशी होता होता राहिला.

कूपरांचे मंत्रिमंडळ साडेतीन महिने टिकले. त्यांच्या पाठीशी बहुमत नव्हते आणि ते येण्याची शक्यताही नव्हती. विधानसभा बोलावली असती तर पहिल्याच दिवशी अविश्वासाचा ठराव संमत झाला असता, म्हणून ती बोलावलीच गेली नाही. लोकांनी निवडून दिलेले सभासद घरी बसून आहेत आणि निवडणुकीत मार खाल्लेल्या गटाचे प्रधान खुर्चीवर आहेत, हे दृश्य लोकशाहीला शोभणारे नव्हते. मला कूपरांचा हा निर्णय चुकीचाच वाटतो. कारखाना, बोर्ड, कौन्सिल या प्रत्येक पायरीवर त्यांच्यामागे माणसे होती. या शेवटच्या पायरीवर फक्त गव्हर्नर होता. ज्या माणसाने इतकी वर्षे गावोगावच्या गाठी बांधल्या त्याला हे कळत नव्हते असे नाही. पण सरकारच्या बोलावण्याला नाही म्हणायची सवय त्या पिढीतल्या अनेकांना कधी लागलीच नाही.

जूनच्या अखेरीस व्हाइसरॉय लिन्लिथगो यांनी गव्हर्नर रोजच्या कारभारात ढवळाढवळ करणार नाहीत असा खुलासा केला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने मंत्रिपदे घ्यायला परवानगी दिली. कूपर बाजूला झाले आणि १९ जुलैला खेर मंत्रिमंडळ आले. मावळंकर अध्यक्ष झाले, विधानसभेचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले.

यानंतर कूपर राजकारणात पुन्हा वर आले नाहीत. ज्या जिल्ह्यावर त्यांची पकड होती तोच जिल्हा पाच वर्षांनी प्रतिसरकारचा जिल्हा झाला, आणि तिथे तुफान सेनेची पोरे सरकारी खजिने लुटत, पाटलांकडून दप्तरे काढून घेत हिंडू लागली. कारखानाही त्यांच्या हातात राहिला नाही. १९४० च्या सुमारास वालचंद हिराचंद यांनी सातारारोडची कूपर इंजिनियरिंग घेतली. जहाजे, विमाने, मोटारी यांचे कारखाने उभारू पाहणाऱ्या वालचंदांना चांगली ओतशाळा आणि हाताला वळण लागलेले कारागीर हवे होते, आणि पाडळीच्या माळावर ते दोन्ही तयार होते. १९४७ साली कूपर वारले. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले यशवंतराव सातारा जिल्ह्याचेच. मुंबई प्रांताचा पहिला मुख्य प्रधान आणि महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री या दोघांचा जिल्हा एक आहे, हे साताऱ्यात तरी मुलांना शिकवले जावे.

सातारारोडला ओतशाळा पुढे वालचंद समूहाच्या नावाने चालू राहिली. कूपर कुटुंबाने साताऱ्यात इंजिनांच्या कामाचा नवा धंदा उभा केला, तिथे आज सिलिंडरच्या आतल्या स्लीव्ह बनतात. स्लीव्ह ओतायची पद्धत अशी: गोल साचा जोरात गरगर फिरवत ठेवतात आणि त्यात रसरसलेले बीड सोडतात. फिरण्याच्या जोराने ते साच्याच्या कडेला जाऊन सारखे पसरते, मधे आपोआप पोकळी राहते आणि नळी तयार होते.